मेस्कीटच्या निखाऱ्यावरची कार्ने असादा

कार्ने असादा म्हणजे मेक्सिकन पद्धतीने निखाऱ्यावर भाजलेलं गोमांस. त्या मांसाला मसाला लावायचा नाही, ही अट मला सगळ्यात जड गेली. मीठसुद्धा आधी नाही. तुकडा जाळीवर पडला की वरून. आलं-लसूण नाही, दही नाही, हळदीचं तर नावच नको. लिंबू? तेही शेवटी, ताटात. मटण आणलं की ते पिशवीतून निघून थेट हळद-मिठात जातं अशा घरात मी वाढलो. त्यामुळे कोरडं, उघडंबोडकं मांस ओट्यावर ठेवून नुसतं बघत बसायचं म्हणजे हात शिवशिवतात.

अट घालणाऱ्या आमच्या शेजारीणबाई. मूळच्या हेर्मोसियोच्या, म्हणजे मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याच्या राजधानीतल्या. रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात धूर निघाला की आमच्या घरातलं कुणी ना कुणी कुंपणापाशी घुटमळायचंच. शेवटी त्याच म्हणाल्या, "अरे वेसिनो, शेजारी म्हणून वास किती दिवस घेणार? कोळसा आण, मांस आण. मी खुर्चीत बसून सांगते, करायचं तू."

आम्ही राहतो ॲरिझोनातल्या टूसॉनला. मेक्सिकोची सीमा इथून गाडीने तासाभरावर. सीमेवरच्या नोगालेसला जाणाऱ्या आय-19 महामार्गावर अंतराच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये आहेत. अमेरिकेत मनातल्या मनात गुणाकार न करता वाचता येणारा माझ्या माहितीतला हा एकच रस्ता. 1854च्या गॅड्सडेन खरेदीत अमेरिकेने मेक्सिकोकडून विकत घेईपर्यंत हा मुलूख सोनोराचाच होता. इथलं खाणं सीमा ओलांडून आलेलं नाही, सीमाच नंतर येऊन त्याच्या मधून गेली. गुरं आणि गहू मात्र बाहेरचे. दोन्ही स्पॅनिश लोकांनी आणले, आणि या भागात ते रुजवण्यात एउसेबियो कीनो या जेझुइट पाद्र्याचा मोठा वाटा. तो 1687 साली इकडे आला. टूसॉनच्या दक्षिणेला दिसणारं सान झाविएरचं पांढरं चर्च ज्या मिशनचं आहे, ते त्याने 1692 मध्ये सुरू केलं. मेक्सिको म्हटलं की मक्याची टॉर्टिया, म्हणजे तिकडची पोळी, डोळ्यांपुढे येते, पण सोनोरात टाको म्हणजे गव्हाच्या टॉर्टियात गुंडाळलेलं निखाऱ्यावर भाजलेलं गोमांस. बाईंच्या मते बाकीच्या मेक्सिकोला यातलं काही कळत नाही. उत्तर मेक्सिकोतल्याच मोंतेरे शहरातल्या माणसाला विचारलं तर तो अर्थातच वेगळं सांगेल.

मांस आणायला कार्निसेरियात गेलो. मेक्सिकन खाटकाच्या या दुकानात काचेमागे दोन ढीग असतात: एक 'प्रेपारादा', म्हणजे लिंबू, संत्र्याचा रस, लसूण, कोथिंबीर वगैरेत मुरवलेलं, दुसरा 'नातुराल', नुसतं मांस. माझं बोट आपोआप पहिल्याकडे गेलं. काउंटरवरचा माणूस देतही होता, पण बाईंनी निघताना बजावलं होतं, "रंगीत दिसेल ते घ्यायचं नाही." मुरवलेलं वाईट असतं असं नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी तसंच खातात, कुणी त्यात सोया सॉस आणि बिअरही ओततात. पण मांस जेमतेम सेंटिमीटरभर जाड. आंबट रसात ते तासन् तास पडून राहिलं तर वरचा थर पिठूळ होतो. शिवाय ओलं मांस जाळीवर टाकलं की आधी पाणी आटेपर्यंत शिजत राहतं, भाजत नाही. वरचा तपकिरी, खरपूस थर धरायला पृष्ठभाग 140-150 अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि पाणी आहे तोवर तो शंभराच्या आसपासच घुटमळतो. तंदुरीत कोंबडीला दही चालतं, कारण तिथे कोंबडी जाड असते आणि वेळ भरपूर मिळतो. इथे सगळा खेळ पाच-सहा मिनिटांचा.

मी अराचेरा घेतला. हा जनावराच्या छाती आणि पोटामधला पडदा, श्वासपटलाचा स्नायू. हातभर लांब, वीतभरही रुंद नाही, जाडेभरडे धागे आणि मध्ये मध्ये चरबी. हा भाग एकेकाळी स्वस्त होता, दक्षिण टेक्सासच्या गुराख्यांना मजुरीत मिळायचा. फाहिता, म्हणजे याच मांसाच्या टॉर्टियाबरोबर खायच्या भाजलेल्या पट्ट्या, लोकप्रिय झाल्यापासून त्याचे दिवस पालटले. परवडत नसेल तर दिएस्मियो घ्यावा, खांद्याकडचा भाग, यंत्रावर पातळ कापून मिळतो. रोजच्या टाकोंना तो उत्तम. माणशी पाव किलो कच्चं मांस धरलं की पाहुण्यांसमोर लाज जात नाही. घरी आणल्यावर एकच काम: अराचेरावरची पांढरी चिवट झिल्ली सुरीच्या टोकाने उचलून ओढून काढायची आणि तुकडे फडक्याने टिपून कोरडे करायचे. ही झिल्ली राहिली तर भाजताना ती आवळते, तुकडा वाकडा होतो आणि दातांत अडकतो.

गोमांसाचं सांगून टाकतो. आमच्या घरात मी खातो, बायको खात नाही. तिच्यासाठी कोंबडीच्या हाडं काढलेल्या मांड्या, वेगळी जाळी, वेगळा चिमटा, वेगळी फळी. महाराष्ट्रात 2015च्या कायद्यानंतर बैल आणि वळूच्या मांसालाही बंदी आहे, त्यामुळे तिकडे कुणाला करून बघायचं असेल तर कोंबडीच्या मांड्याच बऱ्या. रीत तीच, फक्त जाळ थोडा मंद आणि वेळ दुप्पट. कोंबडी आतपर्यंत शिजायलाच हवी.

आता कोळसा. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात माझा जीव कोळशातच अडकला. सोनोरात मेस्कीटचाच कोळसा लागतो. टूसॉनमध्ये मेस्कीट दारोदारी आहे: काटेरी, बारीक पानांचं, शेंगा येणारं झाड, पाऊस पडो न पडो हिरवं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच वाटलं होतं की हिला आपण ओळखतो. मग कळलं, ओळखतोच. सोलापूरकडे उजाड माळांवर, ओढ्याकाठी जी वेडी बाभूळ माजलेली असते ती याच कुळातली. ती मूळची अमेरिकेतली. इंग्रजांनी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी आणि उजाड जमिनींसाठी हिंदुस्थानात आणली आणि मग ती कुणाचं ऐकेना. आमच्याकडे तिचा लोणारी कोळसा पाडतात. रायगडकडची कातकरी कुटुंबं हंगामात भट्ट्यांवर येऊन राहतात, बायका-मुलांसकट, अंगावर आधीच घेतलेल्या उचलीपोटी. तो कोळसा पुढे शहरांतल्या हॉटेलांच्या भट्ट्यांत जातो. लहानपणी त्या भट्ट्यांचा धूर मी एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिला आहे. इथे तसलाच कोळसा कागदी पिशवीत घालून, वर बैलाचं चित्र छापून चांगल्या भावाने विकतात.

मेस्कीटचा कोळसा ठोकळ्यांसारखा एकसारखा नसतो. काही तुकडे मुठीएवढे, काही मनगटाएवढे, तळाशी भुगा. पेटताना तो प्रचंड तडतडतो, ठिणग्या फटाक्यासारख्या उडतात, म्हणून नायलॉनचे कपडे घालून जवळ जायचं नाही. पत्र्याच्या नळकांड्यात कोळसा भरून खाली वर्तमानपत्राचे बोळे पेटवले की वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राख धरते. रॉकेलसारखं द्रव ओतून पेटवणाऱ्यांबद्दल बाईंचं मत इथे छापण्याजोगं नाही. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ढिगाने ओढायचे आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची, म्हणजे ज्वाळा उठली तर मांस बाजूला सारायला जागा राहते. जाळीच्या वर चार बोटं तळहात धरला आणि दोन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला, तर जाळ बरोबर आहे. जाळी तापली की अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तिच्यावर खसाखसा घासायचा. जुनी जळकट निघते, जाळी गुळगुळीत होते आणि पहिला वास सुटतो तो त्या कांद्याचा.

निखारे धरेपर्यंत टॉर्टिया. इथे मला वाटलं होतं की आपण बाजी मारू. जन्मभर पोळ्या पाहिल्यात, लग्नानंतर लाटल्याही आहेत. बाईंनी माझं पोळपाट-लाटणं कौतुकाने हातात घेऊन पाहिलं आणि बाजूला ठेवलं. टॉर्टियाचं पीठ कणकेचं नसतं, मैद्याचं असतं. अर्धा किलो मैद्याला शंभर ग्रॅम मांतेका, म्हणजे डुकराची चरबी (आमच्याकडे वनस्पती तूप), दोन लहान चमचे मीठ आणि चांगलं कोमट पाणी, साधारण अडीचशे मिली. आधी चरबी मैद्यात चोळायची, पीठ रव्यासारखं दिसायला लागलं की पाणी. मग मळायचं, अगदी दहा मिनिटं, आणि झाकून अर्धा तास विसरून जायचं. इतकी चरबी पोटात गेल्यावर ते पीठ लाटण्यापेक्षा ओढायला सोपं जातं. लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून पुन्हा दहा मिनिटं झाकले, मग हाताने चपटे करून एका तळव्यावरून दुसऱ्यावर आपटत वाढवत न्यायचे. बाईंची टॉर्टिया बघता बघता इतकी पातळ होते की पलीकडची बोटं दिसतात. त्यांच्या आईकडे तर कोपरापर्यंत हातावर पसरणाऱ्या भल्यामोठ्या टॉर्टिया व्हायच्या, सोबाकेरा म्हणतात त्यांना. मी निम्म्या ओढल्या, निम्म्या लाटल्या. लाटलेल्या गोल झाल्या, ओढलेल्या चवीला बऱ्या झाल्या. तवा कडक तापलेला हवा. एकेका बाजूला अर्धा मिनिट, तपकिरी ठिपके पडले की उतरवून फडक्यात गुंडाळायची. तूप लावायला माझा हात पुढे झाला होता, बाईंनी तो धरला. "आत आहे ना!"

या गव्हावरून एक विषय निघाला आणि पीठ मुरेपर्यंत पुरला. बाईंचे नातेवाईक सोनोराच्या याकी खोऱ्यात, सिउदाद ओब्रेगोनजवळ शेती करतात. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हाच्या जाती जिथे वाढवल्या ते हेच खोरं. 1966 साली भारताने मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यात लेर्मा रोहो 64 आणि सोनोरा 64 या जाती होत्या. सोनोरा 64चा दाणा लालसर. आपल्या लोकांना पोळी पिवळसर-पांढरी लागते. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत किरणांचा मारा करून त्याचाच अंबर रंगाच्या दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढला. हे मी सांगितल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुझ्या आईच्या पोळीचा गहू आमचा?" संकरातून संकर होत पुढे पुष्कळ पाणी वाहून गेलं आहे, असं म्हणून मी वेळ मारून नेली. त्या दिवसापासून त्या आमच्या पोळीला 'सोनोराची टॉर्टिया, चरबी विसरलेली' म्हणतात.

मसाल्याची सगळी हौस सालसावर, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीवर, भागवायची. मांस कोरं का, हेही मला तिथेच उमगलं: तिखट, आंबट, कच्चा कांदा, कोथिंबीर हे सगळं ताटात आपापल्या जागी थांबलेलं असतं आणि खाणारा घासागणिक ठरवतो. निखाऱ्याची पहिली धग जरा ओसरू द्यायची आणि त्यावर चार टोमॅटो, तीन-चार लांब हिरव्या मिरच्या, एक कांदा चिरून, सालीसकट लसणाच्या पाकळ्या भाजायच्या. साल काळी पडून सुटली की मिरच्या भांड्यात झाकून ठेवायच्या, पाच मिनिटांनी सोलायच्या. मग मोल्काहेतेत, म्हणजे काळ्या बेसॉल्टच्या तीन पायांच्या खलात, लसूण आणि मीठ आधी, मिरच्या मग, टोमॅटो शेवटी. मिक्सर चालतो, पण बटण दोनदाच दाबायचं; सालसा पळता कामा नये. शेवटी चिल्तेपीन. ही मिऱ्याएवढी गोल रानमिरची सोनोराच्या डोंगरांत झुडपांवर आपोआप येते, लोक वेचून आणतात. सीमेच्या अलीकडे तुमाकाकोरीच्या डोंगरातही ती आहे आणि तिच्यासाठी वनखात्याने जागा राखून ठेवली आहे. पक्ष्यांना तिखट लागत नाही, ते खातात आणि बी पसरवतात. आपल्याला लागतं. पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेली मिरची या रानमिरचीच्याच कुळातून पाळलेली. सोनोरी घरांत टेबलावर तिच्यासाठी लाकडी खल-बत्त्याची छोटी जोडी असते, ज्याने त्याने आपल्यापुरती चुरडायची. झटका जबर, पण लवकर उतरतो. मी सोलापूरच्या जोरावर तीन चुरडल्या. बाईंनी काही न बोलता पाण्याऐवजी टॉर्टिया पुढे केली.

आणि मग मांस. आधीचं सगळं दोन तासांचं, हे मात्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत. निखारे पुन्हा ओढून धग वाढवली, बाजूला पातीसकट गोल कांदे आडवे टाकले, ते सावकाश भाजत राहतात. अराचेरा जाळीवर पसरला, चर्र आवाज आला नाही तर उचलून घ्यायचा आणि थांबायचं. आवाज आला. मग जाडं मीठ, उंचावरून, सगळीकडे. यानंतर हात लावायचा नाही. दाबायचं नाही, सरकवायचं नाही, खाली उचलून बघायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी वरच्या कच्च्या बाजूवर लालसर रसाचे थेंब फुटतात. ते दिसले की उलटायचं, आणि एकदाच. दुसऱ्या बाजूला मीठ, आणखी दोन मिनिटं. चरबी निखाऱ्यावर गळते, त्याचा धूर वर येतो. कोरड्या मांसाला जो काही 'मसाला' लागतो तो हाच. गॅसवर, लोखंडी तव्यावर हे करता येतं, मी हिवाळ्यात केलंही आहे, चव चांगली येते, पण ते दुसरंच काहीतरी होतं. अमेरिकन सरकारी सल्ला अखंड मांसाला आतून 63 अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा आहे. सोनोरात बहुतेकांना त्याहूनही पक्कं लागतं, आणि अराचेरात चरबी असल्याने ते खपून जातं. आत रक्तासारखं लाल दिसलं तर बाई तुकडा परत जाळीवर टाकतात. "गाय अजून हंबरतेय" म्हणतात.

भाजलेलं फळीवर पाच मिनिटं राहू द्यायचं आणि मग कापायचं. जमलेल्या मांसाची माती करायची असेल तर ती इथे होते. अराचेराचे धागे लांबीच्या दिशेने जात नाहीत, रुंदीच्या दिशेने जातात. म्हणून लांब पट्ट्याचे आधी चार-चार बोटांचे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकडा काटकोनात फिरवून धाग्यांना आडवं कापायचं, बारीक. डोळ्यांना हे उलटं वाटतं. सुरी आपोआप सोयीच्या दिशेला जाते आणि धागे अखंड राहतात, मग चावून चावून जबडा दुखतो. खात्री हवी असेल तर कच्च्या मांसावरच धागे बघून कोपऱ्यात सुरीने खूण करून ठेवावी. भाजल्यावर काळ्या थराखाली ते नीट दिसत नाहीत. आडव्या पट्ट्या झाल्या की सुरीने अजून एकदा ठोकून चण्याच्या दाण्याहून थोडे मोठे तुकडे करायचे. फळीवर साचलेला रस फेकायचा नाही, तुकडे त्यातच घोळवायचे.

टॉर्टिया पुन्हा क्षणभर जाळीवर धरायची, मांस, वर भाजलेला कांदा, सालसा, बारीक चिरलेली कोबी, काकडीच्या आणि मुळ्याच्या चकत्या, शेवटी लिंबू. पातळसर अवोकाडोची चटणी हवी तर हवी. किसलेलं पिवळं चीज आणि आंबट क्रीम टेबलावर आणू नये. आणलं तर मी जबाबदार नाही. सोबत पातळ घोटलेला राजमा. भरताना हावरटपणा केला की टॉर्टिया फाटते. टाको डोकं तिरकं करून खायचा असतो, टाको तिरका करून नाही. सगळा रस कोपरावर आल्यावर हे आपोआप कळतं. बायकोने कोंबडीचा टाको खाऊन झाल्यावर विचारलं, "याला खरंच काहीच लावलं नव्हतं?" मीठ, म्हटलं. तिने फ्रीजमधला हिरव्या मिरचीचा ठेचा आणला आणि सालसाच्या शेजारी ठेवला. बाईंनी चाखला, दाण्याचं कूट ओळखलं, आणि दुसऱ्या टाकोत चिल्तेपीनच्या जागी तोच घातला.

मांस उरतंच. ते बारीक चिरून सकाळी कांदा-टोमॅटोवर परतायचं आणि अंडी फोडायची. किंवा दोन टॉर्टियांच्या मध्ये चीजबरोबर घालून तव्यावर कुरकुरीत करायचं, त्याला इकडे कारामेलो म्हणतात आणि मुलांना तो मूळ टाकोपेक्षा जास्त आवडतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नये, रबर होतं. निखारे विझवायला पाणी ओतू नये. शेगडीचं झाकण आणि खालची भोकं बंद केली की हवेवाचून ते आपोआप विझतात, आणि उरलेला कोळसा पुढच्या रविवारी पहिल्यापेक्षा लवकर पेटतो. झाकण लावण्याआधी आम्ही त्यात दोन वांगी टाकतो.